चिंचोके, रांगोळी आणि आरोग्याचा सर्व्हे

मागच्या अंकातले खर्चाचे पत्रक वाचून दोन-तीन सभासदांनी विचारले, की आरोग्याच्या कामात रांगोळी, रंगीत खडू आणि दोन किलो चिंचोके कशासाठी? प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याने विचारलेच पाहिजे. म्हणून या वेळी तेच जरा सविस्तर लिहिते.

चिंचोळी एमआयडीसी सोलापूर-पुणे महामार्गावर आहे. तिच्या आसपासच्या मोकळ्या जागांवर पारधी कुटुंबांची पाले आहेत. कोणी हमाली करते, कोणी भंगार वेचते, कोणी कंत्राटदाराकडे रोजाने जाते. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात, पण आरोग्याच्या अहवालांत ही माणसे सहसा सापडत नाहीत. घर नंबर नाही म्हणून यादीत नाव नाही. यादीत नाव नाही म्हणून पाहणीत नाहीत. आणि पाहणीत नाहीत म्हणून औषधांच्या आणि नर्सबाईंच्या फेऱ्यांच्या हिशेबातही नाहीत.

कधीमधी कोणी फॉर्म घेऊन जातोच. त्याला उत्तरे मिळतात, पण कामाची नसतात. एकच बाई दोनदा वेगळे नाव सांगते, मुले कमी सांगितली जातात, पालात कोणीच खोकत नसते. ‘हे लोक खोटेच सांगतात’ असा शेरा मी अनेकदा ऐकला आहे. शेरा मारणाऱ्यांनी एकदा सोलापूरचा इतिहास वाचावा. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा लोकांची तारेच्या कुंपणातली मोठी सेटलमेंट होती. तिथे हजेरी होती, बोटांचे ठसे होते, बाहेर जायला परवाना लागे. ही सेटलमेंट काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली होती, हेही आपण मिशनच्या माणसांनी विसरू नये. कायदा 1952 साली रद्द झाला. पण कागद-पेन घेऊन आलेला माणूस आपल्याला मोजायला आला आहे आणि मोजल्यावर काहीतरी वाईट होते, ही समजूत आजीकडून नातीपर्यंत पोचली आहे. मला तर ती शहाणपणाचीच वाटते.

मग अशा लोकांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा कसा? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986पासून गडचिरोलीत काम करत आहेत. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. बायका इतक्या मोकळेपणाने पुढे आल्या, कारण राणीताई आधी त्यांच्याजवळ बसल्या होत्या आणि दुखण्यांना त्या कोणते शब्द वापरतात ते ऐकले होते. तिथला दवाखानाही आदिवासींना विचारून त्यांच्या वस्तीसारखा, झोपड्यांच्या धर्तीवर बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले.

मला सर्वांत आवडते ती तिथली श्वास मोजण्याची पाटी. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला किती श्वास पडतात यावरून कळते. पण गावातल्या दाईला दहा-बारापलीकडे मोजता येत नव्हते. दुसरा कोणी म्हणाला असता, शिकलेली बाई आणा. बंगांनी मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले एक साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाच हिरवे आणि एक लाल, मोठ्या मुलासाठी चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, की औषध सुरू करायचे. अक्षर न ओळखणारी दाई इथे नुसती माहिती देणारी राहिली नाही, निदान करणारी झाली.

आपल्या शेजारच्या जामखेडलाही हेच दिसते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली काम सुरू केले ते गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका करून. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत ‘एकजुट’ संस्थेने बायकांच्या गटांत चित्रांची कार्डे, गोष्टी आणि खेळ वापरले. बाळे का दगावतात हे बायकांनी स्वतः शोधले, उपायही त्यांनीच ठरवले. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू गट नसलेल्या गावांपेक्षा 32 टक्के कमी होते. 2010 साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. चित्रे म्हणजे करमणूक, असे ज्यांना वाटते त्यांना मी हा आकडा सांगते.

आता आपले चिंचोके. पालांपुढची जागा झाडून बायकांनी रांगोळीने वस्ती काढली. पाण्याचा टँकर कुठे थांबतो, महामार्ग कुठे ओलांडावा लागतो, फिरता दवाखाना कुठे येतो. हातात रांगोळी त्यांच्या असल्यामुळे आम्ही गप्प. (थिऑलॉजीच्या डिप्लोमात आम्हाला प्रवचन करायला शिकवले होते, गप्प बसायला नाही. ते मी पालांवर शिकते आहे.) मग दुखण्यांची चित्रे मांडली: खोकला, ताप, जुलाब, पाठदुखी, अंगावरून जाणे. एक कार्ड कोरे ठेवले. ज्याचा जास्त त्रास त्यावर जास्त चिंचोके ठेवायचे.

आमच्याबरोबरच्या डॉक्टरांना खोकल्याची माहिती हवी होती, कारण क्षयरोगाची शंका होती. खोकल्यावर चिंचोके पडले, पण थोडे. एका म्हातारीने कोऱ्या कार्डावर मूठभर ठेवले, तिच्यामागे बाकीच्यांनीही. काय आहे विचारले तर म्हणाली, ‘झोप.’ रात्री गाडीचा उजेड पालांवर पडला की सगळे उठून बसतात, लेकरेसुद्धा. मग डोके दुखते, कामावर चक्कर येते, अंगावरचे दूध कमी होते असे त्या म्हणाल्या. आमच्या फॉर्ममध्ये झोपेचा रकाना नव्हता. कुठल्याच फॉर्ममध्ये मी तो पाहिलेला नाही. डॉक्टरांनी पुढच्या फेरीसाठी तो घातला. खोकल्याबद्दलही बायका नंतर आपणहून बोलल्या, दोघींनी बेडका तपासायला दिला.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला काय हवे हे कोणालाही दिसत होते. तरी येशूने आधी त्यालाच विचारले. हा उतारा हल्ली मला वेगळा वाचता येतो.

या पद्धतीला वेळ लागतो, हे कबूल. एका दुपारी शंभर फॉर्म भरून होतात, एक नकाशा होतो. आणि बायकांनी चित्र काढले म्हणजे त्या सहभागी झाल्या, असे मानून फोटो छापणाऱ्या संस्थाही कमी नाहीत. खरी परीक्षा नंतर असते. निष्कर्ष वस्तीत परत जाऊन सांगितले का? चित्र कोणाचे, ते कोणाला दाखवायचे, हे कोणी ठरवले?

आमच्या नकाशाबाबत ते बायकांनी ठरवले. रांगोळी पुसण्याआधी आम्ही तो कागदावर उतरवून घेत होतो, तेव्हा त्यांनी थांबवले. टँकर दाखवा, रस्ता दाखवा, दवाखान्याची गाडी अलीकडे आणायची जागा दाखवा, पण पाले दाखवू नका. म्हणून डॉक्टरांकडे जो कागद गेला आहे, त्यावर मधली जागा कोरी आहे. या अंकात तो छापलेला नाही, कारण त्याची परवानगी आम्ही अजून मागितलेली नाही.