सिगारेट नाही हो, फक्त मिश्री

बाळंतपणांनंतर सुटलेलं पोट नीट करून घ्यायला आलेल्या बाईंना प्लास्टिक सर्जन विचारतात, "सिगारेट वगैरे?" बाई हसतात, सोबत आलेली बहीणही हसते. "छे हो डॉक्टर!" कागदावर 'नाही' अशी नोंद होते. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवणानंतर दातांना लावलेली मिश्री या प्रश्नात बसतच नाही. जाणता डॉक्टर म्हणूनच आणखी एक प्रश्न विचारतो, "मावशी, मिश्री लावता का?" त्यावर उत्तर येतं, "हो, ती लावते की. त्याशिवाय पोट साफ होत नाही."

महाराष्ट्रात हा दुसरा प्रश्नच जास्त कामाचा आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे शंभरात चारही भरले नाहीत. बिनधुराची तंबाखू वापरणारे मात्र शंभरात 24 निघाले. बायकांपुरतं बोलायचं तर धूम्रपान दीड टक्क्याहून कमी आणि बिनधुराची तंबाखू साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्याने तिच्यातलं निकोटिन काही जात नाही.

पण पोटाच्या शस्त्रक्रियेत तंबाखूचा एवढा बाऊ का? अपेंडिक्स काढताना कातडीला छेद देतात आणि परत शिवतात. तिचा खालून येणारा रक्तपुरवठा बहुतांशी शाबूत राहतो. टमी टकमध्ये, म्हणजे सुटलेलं पोट नीट करण्याच्या शस्त्रक्रियेत, तसं नसतं. बेंबीखालची सैल कातडी काढून टाकायची, तर वरची कातडी चरबीसकट पार बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढावी लागते. फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी कानापासून पुढे अशीच मोकळी करतात. खालून वर येणाऱ्या कितीतरी बारीक रक्तवाहिन्या यात तुटतात. उचललेल्या कातडीला मग फक्त कडेने, तिच्यातल्याच जाळ्यातून रक्त मिळतं आणि सगळ्यात लांबचं टोक कसंबसं तग धरतं. टमी टकमध्ये हे टोक ओटीपोटावर, टाक्यांच्या मधोमध येतं, फेसलिफ्टमध्ये कानामागे. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत स्तनाग्राची गत हीच.

उचललेली कातडी रक्तावर जगते हे पुण्याकडच्या एका कारागिराला दोन शतकांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर 1794 मध्ये त्याची हकिगत चित्रासह छापली. इंग्रजी फौजेतला गाडीवान कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या या वीट पाडणाऱ्या माणसाने मेणाच्या पातळ पत्र्याने नव्या नाकाचं माप घेतलं, ते कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवली. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी तेवढी त्याने कापली नाही, कारण रक्त तिथूनच येणार होतं. नवं नाक रुजल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, ती पट्टी तोडतात, असं त्या हकिगतीत म्हटलं आहे. जखमेवर काताची पट्टी ठेवत, आपल्या पानातलाच कात. हकिगतीत कारागिराची जात छापून आली, नाव नाही.

अशा जेमतेम रक्तावर जगणाऱ्या कातडीत निकोटिन गेलं की बारीक धमन्या आकसतात आणि रक्त गोठण्याकडेही कल वाढतो. सिगारेट-बिडीच्या धुरात आणखी दोघांची भर पडते. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून बसतो, तर हायड्रोजन सायनाइड पेशीची ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच अडवतं. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात एका सिगारेटनंतर कातडीखालच्या ऑक्सिजनचा दाब सुमारे एक तृतीयांशाने घसरला आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागला. दिवसाला पाकीट संपवणाऱ्याचा हिशेब वाचकांनीच मांडावा. त्याआधी, 1984 मध्ये, न्यूयॉर्कचे डॉ. थॉमस रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर फेसलिफ्ट तपासून सांगितलं होतं की कातडी मरून गळण्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांना सुमारे बारापट असतो.

कातडी मरते म्हणजे नेमकं काय होतं? ड्रेसिंग सोडल्यावर डॉक्टर टाक्यांजवळच्या कातडीवर बोट दाबून उचलतात. दाबलेली जागा पांढरी पडून लगेच गुलाबी झाली, तर चिंता नाही. जांभळट डाग तसाच राहिला की डॉक्टर गप्प होतात. पुढे त्या जागी काळी, कडक खपली धरते. ती निघाल्यावर खाली ओली, उघडी जखम दिसते. मग आठवडेच्या आठवडे ड्रेसिंगच्या फेऱ्या आणि शेवटी रुंद, ओढलेला वण. देखणं दिसायला पदरचे पैसे मोजून करून घेतलेल्या शस्त्रक्रियेचा हा शेवट!

"पण मिश्रीला धूर कुठे असतो?" हा प्रश्न रास्त आहे. धूर नाही म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडही नाही, आणि जखमांवरचा बहुतेक अभ्यास सिगारेटचाच आहे. तरीही तोंडात धरलेल्या तंबाखूतून निकोटिन सावकाश शोषलं जातं, रक्तात सिगारेटच्या तोडीची पातळी गाठतं आणि जास्त वेळ टिकतं. व्हेपमधूनही, म्हणजे ई-सिगारेटमधूनही, निकोटिनच जातं. 2019 पासून देशात त्यावर बंदी आहे, पण पोरांच्या खिशात ते सापडतंच.

सिगारेट सोडताना कातडीवर लावतात त्या निकोटिनच्या पॅचबद्दल मात्र दुसरी बाजू सांगायला हवी. 2003 च्या एका डॅनिश प्रयोगात स्वयंसेवकांच्या अंगावर मुद्दाम छोट्या जखमा केल्या होत्या. सिगारेट ओढणाऱ्यांच्या 12 टक्के जखमा चिघळल्या, कधीच न ओढणाऱ्यांच्या 2 टक्के. चार आठवडे सिगारेट सोडल्यावर हे प्रमाण उतरलं आणि पॅच लावणारे व खोटा पॅच लावणारे यांच्यात फरक दिसला नाही. तेव्हा सिगारेटपेक्षा पॅच किंवा निकोटिनचं च्युइंगगम केव्हाही बरं. फक्त ती छोटी जखम आणि टमी टकची वीतभर उचललेली कातडी यांची बरोबरी होत नाही. म्हणून कॉस्मेटिक सर्जन बहुधा तेही बंद करायला सांगतात. मला त्यांचं पटतं. हर्नियाला थांबता येत नसेल, टमी टकला येतं.

थांबायचं किती? शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतर चार. कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात उतरतो, पण जंतूंशी लढणाऱ्या पेशी ताळ्यावर यायला आठवडे लागतात. डेन्मार्कमध्येच खुबा आणि गुडघा बदलणाऱ्या रुग्णांना सहा ते आठ आठवडे आधी तंबाखू सोडायला मदत केली, तेव्हा गुंतागुंत 52 टक्क्यांवरून 18 वर आली. 2002 च्या 'लॅन्सेट'मध्ये हे आकडे आहेत. सोडली असं खोटं सांगून फायदा नाही. काही सर्जन आधी लघवीतलं कोटिनिन तपासतात. निकोटिनपासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ काही दिवस मागे राहतो आणि मिश्रीचाही पत्ता देतो.

तेव्हा फॉर्मवर मिश्री, मळलेली तंबाखू, गुटखा, बिडी, व्हेप, निकोटिनचं च्युइंगगम, जे असेल ते लिहा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा. आणि सुटत नसेल तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. फोनला पैसे पडत नाहीत.