टांझानिया : देश एक, सरकारे दोन

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया हा देश २६ एप्रिल १९६४ रोजी टांगानिका आणि झांझिबार यांच्या एकीकरणातून निर्माण झाला. राजधानी दोदोमा असली तरी मोठा व्यापार दार-ए-सलाम बंदरातून चालतो. झांझिबारची वस्ती बहुतांश मुसलमान असून त्याला स्वतःचा अध्यक्ष व कायदेमंडळ आहे. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात. 

या दुहेरी कारभाराचा परिणाम मालाच्या खरेदीवर होतो. झांझिबारची लवंग मुख्यतः पेंबा बेटावर पिकते आणि शेतकऱ्यांकडून ती सरकारी महामंडळ विकत घेते. काजूची रीत निराळी आहे. मुख्य भूमीच्या दक्षिण भागात, म्त्वारा व लिंडी येथे, शेतकरी काजू बी सहकारी संस्थांमार्फत गोदामात जमा करतात व तिचा लिलाव होतो. हा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. आपल्या कोकणातील बी त्यानंतर काही महिन्यांनी येते. त्यामुळे मधल्या काळात कारखाने चालू ठेवण्यास आफ्रिकेची बी उपयोगी पडते.

मात्र जोखीमही आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये भावाचा वाद चिघळताच तत्कालीन अध्यक्ष मगुफुली यांनी काजू सरकारतर्फे खरेदी करण्याचा निर्णय घेतला आणि माल उचलण्यास लष्कर पाठवले. खासगी खरेदीदार बाजूला पडले.

तेव्हा व्यापारी बांधवांनी केवळ दलालाच्या शब्दावर बयाणा देऊ नये. माल बेटावरचा की मुख्य भूमीवरचा, लिलावाची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, हे आधी पाहावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची कुरआन शरीफची शिकवण येथे विशेष मोलाची आहे.