न मागता वाढणारी उतरंड
लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण पेज टेबल पाहिले. प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि रॅममधली खरी जागा यांची सांगड घालणारी ती वही. आज त्याच वहीतला माझा सर्वांत आवडता भाग : स्टॅक. उदाहरण लिनक्सचे घेऊ, इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवरचे.

स्टॅक म्हणजे घरातली उतरंड. फंक्शन बोलावले की एक मडके चढते. त्यात त्या फंक्शनची स्थानिक व्हेरिएबल्स आणि परत कुठे जायचे तो पत्ता. काम संपले की शेवटी चढलेले मडके आधी उतरते. मात्र ही उतरंड आढ्याला टांगलेली असते. ती मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे, म्हणजे खाली वाढते.

हीपमधली जागा प्रोग्रॅम कर्नलकडून मागून घेतो. स्टॅकसाठी तो काहीच मागत नाही. फंक्शन सुरू होताना स्टॅक पॉइंटर या रजिस्टरमधून एक आकडा वजा होतो, बस्स. कर्नलला याची खबरही नसते. मग जागा येते कुठून?

प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा कर्नल त्याला आज्ञेचे शब्द आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ठेवण्यापुरता स्टॅक देतो आणि खाली आणखी १२८ केबीचा पट्टा आखून ठेवतो. कोणत्याही छोट्या प्रोग्रॅमचा मेमरी-नकाशा प्रॉक फाइलसिस्टिममध्ये उघडून पाहा. 'स्टॅक' लिहिलेल्या ओळीतले दोन पत्ते वजा केले, की बहुतेक वेळा १३२ केबी येतात. म्हणजे ४ केबीची ३३ पाने. त्यांतली प्रत्यक्ष रॅममध्ये असतात जेमतेम चार-पाच. बाकीचा नुसता शब्द दिलेला.

शब्द पाळायची वेळ येते पेज फॉल्टच्या रूपाने. प्रोग्रॅम अजून न मिळालेल्या पानावर लिहायला जातो, प्रोसेसर अडतो आणि सूत्रे कर्नलच्या हाती येतात. पत्ता आखलेल्या पट्ट्यात असेल, तर कर्नल एक मोकळे पान शोधतो, शून्यांनी पुसून काढतो (आधीच्या कोणाचा पासवर्ड त्यात उरला असेल तर?), वहीत नोंद करतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालवायला लावतो. पत्ता पट्ट्याच्या खाली असेल, तर हा पट्टा खाली वाढणारा आहे ना, मर्यादा ओलांडत नाही ना, एवढे पाहून तो पट्टाच लांबवतो. प्रोग्रॅमला यातले काही कळत नाही. मेमरीच्या सगळ्या व्यवहारांत मला हा सर्वांत देखणा वाटतो.

मर्यादा साधारणपणे ८ एमबीची. थांबण्याची अट विसरलेले रिकर्शन दर फेरीला ४८ बाइट खात असेल, तर पावणेदोन लाख फेऱ्यांच्या आत तिथे धडकते. मग पान मिळत नाही, सेगमेंटेशन फॉल्ट मिळतो.

पण न मागता वाढणाऱ्या या जागेत एक धोका आहे. स्टॅक वाढत वाढत दुसऱ्या कोणाच्या जागेला भिडला तर? म्हणून २०१० मध्ये लिनक्सने स्टॅकखाली एक राखणीचे पान ठेवले. खाली वाढायला जागा उरली नसताना त्याला हात लागला की प्रोग्रॅम बंद. ही राखण पुरेशी नाही, हे २०१७ च्या जूनमध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले. एखाद्या फंक्शनने १०० केबीचा अ‍ॅरे स्टॅकवर घेतला, तर स्टॅक पॉइंटर एका उडीत ते ४ केबीचे पान ओलांडून पलीकडे जातो. पानाला स्पर्शच झाला नाही, तर फॉल्ट कुठला आणि कर्नलला कळणार कसे? या हल्ल्याला 'स्टॅक क्लॅश' नाव पडले. कर्नलने राखणीची जागा एकदम २५६ पाने, म्हणजे १ एमबी केली. माझ्या मते खरा उपाय मात्र कंपायलरकडेच होता. मोठी उडी घेताना वाटेतल्या प्रत्येक पानाला स्पर्श करत जाणारा कोड जीसीसीच्या आठव्या आवृत्तीपासून मागून घेता येतो.

थ्रेड्सचे स्टॅक वेगळे. ते वाढत नाहीत. जीलिबसी ही सी भाषेची लायब्ररी प्रत्येकासाठी सहसा ८ एमबी पत्ते आधीच राखून ठेवते, पाने मात्र तिथेही स्पर्श झाल्यावरच येतात. ३२ बिटी यंत्रावर प्रोग्रॅमच्या वाट्याला ३ जीबी पत्ते; तिथे पावणेचारशे थ्रेड्समध्येच पत्ते संपत आणि रॅम मोकळी राही.

राहिला कर्नलचा स्वतःचा स्टॅक. तो पेज फॉल्टवर वाढू शकत नाही, कारण फॉल्ट सोडवणारा कोडही स्टॅकवरच चालतो. २०१४ पर्यंत तो अवघा ८ केबी होता. एवढ्याशा जागेत फाइलसिस्टिमपासून डिस्कच्या ड्रायव्हरपर्यंत सगळी मडकी कशी रचली जात आणि ती जागा १६ केबी का करावी लागली, ते पुढच्या आठवड्यात.