एका काचेत अख्खा रेडिओ

बर्लिनच्या लोवे कंपनीने १९२६ साली बाजारात आणलेला ‘३एनएफ’ हा व्हॉल्व्ह अगदी जवळून पाहावा असा आहे. त्या काळच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये एक तंतू, त्याभोवती तारेची जाळी आणि बाहेर धातूची प्लेट एवढेच असे. ३एनएफच्या काचेत असे तीन संच एकमेकांना खेटून बसवलेले आहेत. त्यांच्या आजूबाजूला बारीक काचेच्या बंद नळ्या दिसतात. त्या सहा नळ्यांत चार रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर आहेत. थोडक्यात, रेडिओच्या पेटीत तारांनी जोडायचा जवळजवळ सगळा माल कारखान्यातच जोडून, हवा काढून, सीलबंद करून ग्राहकाच्या हाती दिलेला.

माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत बुद्धिमान वस्तूंमध्ये हिची गणना व्हायला हवी. सुटा भाग न विकता तयार मंडल विकायचे, ही कल्पना इथे पहिल्यांदा दुकानात पोहोचली. जॅक किल्बीने अमेरिकेत पहिली इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप, चालवून दाखवली ती १९५८ साली, म्हणजे ३२ वर्षांनी.

जर्मनीत नियमित रेडिओ प्रसारण २९ ऑक्टोबर १९२३ रोजी बर्लिनमधून सुरू झाले. त्याच वर्षी झिगमुंड आणि डाव्हिड लुडविग या लोवे बंधूंनी तिथे रेडिओची कंपनी काढली. झिगमुंड भौतिकशास्त्र शिकलेले. त्यांची गाठ पडली मानफ्रेड फॉन आर्डेन या पोराशी. १९०७ साली जन्मलेला हा खानदानी घरातला मुलगा शाळेत रमला नाही, पण पहिले पेटंट त्याने मिसरूड फुटायच्या वयात मिळवले होते. पुढे विद्यापीठही त्याने चार सत्रांत सोडले. झिगमुंड लोवे यांनी अशा मुलावर विश्वास टाकला आणि दोघांच्या खटपटीतून ३एनएफ उभा राहिला.

आत चार रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर का, याचा हिशोब मोठा सुरेख आहे. व्हॉल्व्हमधला तापलेला तंतू इलेक्ट्रॉन सोडतो, ते प्लेटकडे धावतात. वाटेतली जाळी कालव्यावरच्या झडपेसारखी: तिच्यावरच्या विद्युत दाबात किंचित फरक पडला की प्रवाहात मोठा फरक पडतो. अँटेनात येणारा संकेत इतका क्षीण असतो की एका टप्प्यात काम भागत नाही. म्हणून पहिला व्हॉल्व्ह रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढतो, दुसरा तो वाढवतो, तिसरा लाउडस्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. तीन टप्पे म्हटले की दोन सांधे आले. प्रत्येक सांध्यावर एक रेझिस्टर लागतो, तो प्रवाहातल्या चढउताराचे दाबाच्या चढउतारात रूपांतर करतो. मग एक कपॅसिटर, तो संकेत पुढे जाऊ देतो आणि प्लेटवरचा स्थिर दाब अडवतो. आणि पुढच्या जाळीवर साचणारा विद्युतभार वाहून जावा म्हणून आणखी एक रेझिस्टर. दोन सांधे, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर. बाहेर उरते ती स्टेशन लावण्याची कॉइल, फिरवायचा कपॅसिटर आणि बॅटऱ्या.

कागदावर हे सोपे दिसते, पण निर्वातात कुठलीही वस्तू ठेवली की तिच्यात अडकलेला वायू हळूहळू बाहेर पडतो, आणि तेवढ्याने व्हॉल्व्ह खराब होतो. रेझिस्टर-कपॅसिटर उघडे ठेवले असते तर ३एनएफ फार काळ टिकलाच नसता. म्हणूनच त्या सहा नळ्या: प्रत्येक भाग आधी स्वतःच्या काचेत बंद करायचा आणि मग मोठ्या काचेत बसवायचा. मूळ कल्पनेइतकीच ही युक्तीही मला मोलाची वाटते, कारण कल्पना बाजारात उतरली ती तिच्या जोरावर.

या व्हॉल्व्हभोवती बांधलेला ‘ओई ३३३’ हा स्थानिक स्टेशन ऐकण्याचा संच ३९ मार्क ५० फेनिगला मिळे. इतर कंपन्यांचे तीन व्हॉल्व्हचे संच त्यामानाने फार महाग होते.

ही सगळी करामत शुल्क चुकवण्यासाठी होती, असे अनेकदा सांगितले जाते. त्या काळी व्हॉल्व्ह मोजून पैसे आकारण्याची पद्धत होती हे खरे. ब्रिटनमध्ये मार्कोनी कंपनी प्रत्येक व्हॉल्व्हच्या खाचेमागे साडेबारा शिलिंग पेटंटशुल्क घेई, आणि तीन व्हॉल्व्ह एका खाचेत बसले की मोजणाऱ्याची पंचाईत. पण तेवढ्यावरच बोट ठेवणे हा त्या अभियांत्रिकीवर अन्याय आहे. तारा आखूड झाल्या की त्यांच्यातली नको असलेली धारिताही घटते आणि जलद चढउताराचे संकेत वाटेत कमी गळतात. ‘२एचएफ’ या भावंड व्हॉल्व्हच्या आधारे आर्डेनने रुंद पट्ट्याचा वर्धक बांधला. आवाजापेक्षा चित्राचा संकेत कितीतरी वेगाने बदलतो, त्यामुळे दूरचित्रवाणीला नेमका असाच वर्धक हवा होता. ऑगस्ट १९३१ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात त्याने पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही टोकांना कॅथोड रे ट्यूब वापरून चित्रे दाखवली, तीही लोवे कंपनीच्या मंडपात.

मग हा मार्ग पुढे का खुंटला? उत्तर साध्या गणितात आहे. समजा शंभरातले पंचाण्णव भाग निर्दोष निघतात. तीन संच आणि सहा नळ्या असे नऊच्या नऊ भाग एकाच काचेत ठीक असण्याची शक्यता ०.९५ चा नववा घात, म्हणजे सुमारे ६३ टक्के. नवाऐवजी वीस भाग घातले तर ती ३६ टक्क्यांवर येते. वापरातही तेच: तीनपैकी एक तंतू जळला की तिन्ही गेले. लोवे कंपनी जळका व्हॉल्व्ह परत घेऊन नवा तंतू घालून देई, पण हे भाग जोडणे शेवटी हाताचे काम. सिलिकॉन चिपवर सगळे घटक एकाच पदार्थात, एकाच छापणीत उमटतात, म्हणून तिथे संख्या वाढवणे परवडले. १९९७ च्या मे महिन्यात आर्डेन वारला, तेव्हा नुकत्याच बाजारात आलेल्या पेंटियम २ मध्ये ७५ लाख ट्रान्झिस्टर होते.

लोवे घराण्याच्या वाट्याला मात्र दुसरेच दिवस आले. ते ज्यू होते. १९३८ साली झिगमुंडना देश सोडून अमेरिकेला जावे लागले, कंपनी नाझी राजवटीने बळकावली आणि मालकाचे नाव पुसून तिला ‘ऑप्टा’ म्हटले जाऊ लागले. १९४९ साली झिगमुंडना कंपनी परत मिळाली. तिचे नाव त्यानंतर ‘लोवे ऑप्टा’ झाले आणि बव्हेरियातल्या क्रोनाख या लहान गावी तिचा जम बसला. झिगमुंड १९६२ मध्ये वारले. त्यांच्या माघारी कंपनी २०१३ आणि २०१९ अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, आणि आता नव्या मालकाकडे क्रोनाखमध्येच टीव्ही संच बनवते.