हार्ड डिस्क, केबल आणि अम्माची कॅसेट

बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी आर्या रचल्या. त्यांचा काळ १७२९ ते १७९४. तेव्हा आपल्याकडं छपाई रुळलेली नव्हती. लिहिलेलं टिकायचं ते पोथ्या उतरवून घेतल्यामुळं. एक पोथी भिजली किंवा कसरीनं खाल्ली, तरी दुसरी कुणाच्या तरी घरात असायची. घरी पहिला कॉम्प्युटर जुळवताना मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवली.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा तो शिलाई मशिनपुरता. पण भाचा म्हणाला, ‘मामू, तयार कॉम्प्युटर कशाला? सुटे भाग आणू, घरीच जोडू.’ आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीत जायचं ठरवलं. बाकीच्या भागांची निवड मी त्याच्यावर सोडली. हार्ड डिस्क मात्र मीच निवडणार होतो. त्याला कारण होतं. १९९५ साली मी अम्माच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. पुढं त्या २००४ साली घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. अम्मा गेली, कॅसेटला बुरशी लागली. कॉम्प्युटरही बंद पडला. उरली ती त्यातली एक डिस्क, जुन्या गंजीफ्रॉकात गुंडाळून कपाटात ठेवलेली.

आता जागा किती लागते ते पाहू. युनिकोडच्या रूढ पद्धतीत मराठीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा ३ बाईट घेते. एका आर्येत अशा १०० खुणा धरल्या, तर ३०० बाईट झाले. लाखभर आर्या लिहिल्या तरी ३० एमबी, म्हणजे मोबाइलवरचे आठ-दहा फोटो! जागा खातात ते फोटो, आवाज आणि व्हिडिओ. सीडीच्या दर्जाचा एक तासाचा आवाज सहाशे एमबीच्या वर जातो. तेव्हा दुकानदार ‘मोठी घ्या’ म्हणाला, की आधी घरी काय साठवायचं आहे ते मोजावं. आणि १ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ९३१ जीबी दिसली, तर फसवलं असं समजू नये. कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ नं मोजतो, एवढाच फरक.

डिस्क दोन जातींची. एसएसडीत फिरणारं काही नसतं. ती वेगवान असते, म्हणून कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी तीच घ्यावी. तिचा एम.टू हा प्रकार पट्टीसारखा असून थेट मदरबोर्डवर बसतो, त्याला केबल लागतच नाही. मात्र काही बोर्डांवर ही पट्टी बसवली की साटाचं एखादं तोंड बंद पडतं. बोर्डाचं पुस्तक आधी वाचावं. पण एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला भरवशाची नाही. साठवणीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त पडते. तिला धक्का मात्र सोसत नाही. नुसत्या साठवणीला मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्कही पुरते.

आता केबल. साटाच्या डिस्कला दोन केबल लागतात. ७ टोकांची अरुंद केबल माहिती नेते, १५ टोकांची रुंद केबल वीज देते. माहितीची केबल एक मीटरपर्यंत चालते. तिची क्षमता सेकंदाला ६०० एमबीच्या आसपास असते. फिरती डिस्क त्याच्या निम्मीही गाठत नाही. म्हणून महागडी केबल घेतल्यानं वेग वाढत नाही. टोकाला घट्ट बसणारी धातूची क्लिप आहे का, एवढं पाहावं.

खरा धोका विजेच्या केबलचा. आमच्या एसएमपीएसची केबल आखूड पडली. भाच्यानं दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची सुटी केबल आणून लावली. ती बरोबर बसली. बटण दाबलं आणि जळका वास आला. एसएमपीएसकडच्या टोकातला तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले आणि नवी डिस्क मेली. ती कोरी होती, नुकसान पैशांचंच झालं. पण माझे हातपाय गार पडले. तिथं अम्माची डिस्क असती तर?

म्हणून जुनी डिस्क आम्ही आत जोडलीच नाही. ती आयडीई जातीची होती, चाळीस पिनांची आणि चपट्या रुंद केबलची. ती केबल घेणारं तोंड आताच्या मदरबोर्डवर नसतं. त्यासाठी यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो. तो स्वतंत्र वीजजोड असलेलाच घ्यावा, कारण मोठ्या डिस्कला बारा व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. डिस्कच्या मागची छोटी टोपी, म्हणजे जंपर, मास्टरच्या जागी लावली. डिस्क घरघरली आणि फिरू लागली. भाच्याला म्हटलं, ‘काही उघडून बघू नकोस, आधी सगळं उतरवून घे.’

कविता उघडल्या तेव्हा इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. तो फॉन्ट टाकला, कविता वाचता आल्या. मग त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. अम्माचा आवाज मात्र जसाच्या तसा आला, मागं जात्याची घरघर आणि मधेच माझा खोकला.

आता त्याच्या तीन प्रती आहेत. एक नव्या कॉम्प्युटरमध्ये, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी इंदापूरला बहिणीच्या घरी. वर्षातून एकदा तिन्ही लावून, ऐकून बघतो. पहिल्यांदा कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा बेताच्या दोन घ्या, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. पोथ्या तशाच टिकल्या.