“तू ओरडली का नाहीस?” : पोलीस ठाण्यातला पहिला तास आणि बलात्काराविषयीचे गैरसमज

आजच्या विषयाला आपण थेट हात घालू. एखादी बाई पोलीस ठाण्यात जाते आणि सांगते, माझ्यावर बलात्कार झाला. समोरच्या ठाणे अंमलदाराने तिला काय विचारायला हवं? काय झालं, कुठे झालं, कधी झालं, कोणी केलं, आणि तुम्हाला आत्ता डॉक्टरची गरज आहे का. बस, एवढंच. पण पुष्कळदा तिच्यापुढे येतात ते प्रश्न वेगळेच असतात. इतक्या रात्री तिथं कशाला गेली होतीस? तो ओळखीचाच होता ना? मग ओरडली का नाहीस? आठ दिवस गप्प का बसलीस? लग्न व्हायचंय ना अजून, मग विचार कर.

आता असे प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस दुष्ट असतो असं आम्ही म्हणणार नाही. अडचण दुसरीच आहे. त्याच्या डोक्यात ‘खऱ्या’ बलात्काराचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं. अनोळखी गुंड, अंधारी जागा, फाटलेले कपडे, अंगभर जखमा, आरडाओरडा, आणि मग बाईने तडक पोलिसांकडे धाव घेणं. समोरच्या बाईची हकिकत या चित्रात बसली नाही, की ती हकिकतच संशयास्पद वाटायला लागते. हे चित्र त्याच्या एकट्याच्या डोक्यात नाही, आपल्याही डोक्यात आहे. फक्त त्याच्या हातात फिर्याद लिहिण्याचा अधिकार आहे, म्हणून त्याच्या गैरसमजाची किंमत जास्त.

देसाईगंजची रात्र

हे चित्र काय करू शकतं ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. २६ मार्च १९७२ ची रात्र. ठिकाण देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. साधारण चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी, आईवडील नसलेली, मजुरी करणारी. तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीवरून तिला आणि इतरांना ठाण्यावर बोलावलं होतं. जबाब झाले, रात्रीचे साडेदहा वाजले, सगळे निघाले. तेवढ्यात तिला एकटीला थांबवून घेतलं गेलं. दार बंद झालं, दिवे गेले. नातलग बाहेर उभे होते. ती बाहेर आली आणि तिने सांगितलं, की आत पोलिसानेच माझ्यावर बलात्कार केला. जमाव जमला, लोक चिडले, तेव्हा कुठे तिची फिर्याद लिहिली गेली.

पुढे काय झालं ते नीट ऐका. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. अहवालात आलं की अंगावर जखमा नाहीत, आणि तथाकथित ‘दोन बोटांच्या चाचणी’वरून ती संभोगाला सरावलेली आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवून दोघा पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट राहणं वेगळं आणि संमती वेगळी, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं होतं. एका पोलिसाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. कारणं काय, तर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, आणि भाऊ बाहेर असताना तिने त्याला हाक मारली नाही.

म्हणजे बघा, “ओरडली का नाहीस?” हा ठाण्यातला प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात जाऊन बसला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचा सवाल साधा होता: रात्री, बंद ठाण्यात, पोलिसापुढे एका गरीब आदिवासी मुलीने नेमका कुठला प्रतिकार करायचा होता? १९८० मध्ये मुंबईसह ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संभोग सिद्ध झाला आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ते खरं धरूनच पुढे जायचं, अशी तरतूद आली. पीडितेची ओळख उघड करणं हाही गुन्हा ठरला. हा खटला त्या मुलीच्या नावाने सर्वत्र ओळखला जातो. आपण इथे ते नाव घेतलेलं नाही, ते याच कारणाने.

चार गैरसमज, एकेक करून

पहिला, ‘खरंच झालं असतं तर ती ओरडली असती.’ भीतीने अंग गोठतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. समोरून ट्रक अंगावर येताना माणूस जागच्या जागी खिळतो, तेव्हा आपण असं म्हणत नाही की त्याला मरायचंच होतं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका तातडीच्या उपचार केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं, की त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठून गेलं होतं, हलताच येत नव्हतं. आपल्या कायद्यानेही २०१३ मध्ये हे मान्य केलं. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हे कलमातच लिहिलेलं आहे.

दुसरा, ‘ओळखीचा होता, म्हणजे आपसातलं प्रकरण असणार.’ राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात. नोंदवलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मित्र, मालक. म्हणजे आपण ज्याला अपवाद समजतो तोच इथे नियम आहे.

तिसरा, ‘इतके दिवस गप्प का?’ ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो घरातलाच असेल, किंवा त्याच्याच शेतावर मजुरीला जायचं असेल, तर आठ दिवस काय, आठ महिनेही कमी पडतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमित सिंग खटल्यात सांगून ठेवलंय, की अशा गुन्ह्यात फिर्यादीला उशीर होणं स्वाभाविक आहे. नुसत्या उशिरावरून फिर्याद खोटी ठरत नाही.

चौथा, ‘तिचं वागणंच तसं आहे.’ बाईचं चारित्र्य काढून तिची साक्ष मोडायची मुभा देणारं पोटकलम पुरावा कायद्यात २००३ पर्यंत होतं. ते गेलं. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली, आणि २०२२ मध्ये सांगितलं की यापुढे जो ही चाचणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तिचे पूर्वी कोणाशी संबंध होते की नव्हते, याचा त्या दिवशीच्या संमतीशी काडीचा संबंध नाही.

गैरसमज स्वतःचा पुरावा कसा तयार करतो

आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आता येतो. तुम्ही म्हणाल, पोलीस चार वाकडे प्रश्न विचारतात, वाईट वाटतं, पण शेवटी खटला कोर्टात चालतो ना? नाही. खटला ठाण्यातच अर्धा घडतो किंवा बिघडतो.

समजा, एक बाई दुपारी चार वाजता ठाण्यात आली. तिला बाकावर बसवून ठेवलं. येणारे-जाणारे बघतायत. तिने तीच हकिकत आधी हवालदाराला सांगितली, मग अंमलदाराला, मग साहेबांना. कोणी म्हणालं, नुसता अर्ज देऊन जा. कोणी समोरच्या पार्टीला बोलावून ‘मिटवून घ्या’ म्हणालं. रात्री अकराला फिर्याद लिहायला घेतली, तीही तिच्या शब्दांत नाही, ठाण्याच्या ठरलेल्या भाषेत. लाजेने एक गोष्ट तिने सांगितली नाही, घाईत दुसरी लिहिली गेली नाही. गोठून गेले होते म्हणाली, तर ‘खूप प्रतिकार केला’ असं लिहिलं, कारण लिहिणाऱ्याला वाटलं की त्याने केस मजबूत होते. तिला वाचून दाखवलं नाही, तिने सही केली. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. तोवर आंघोळ झाली होती, कपडे धुतले होते.

काही वर्षांनी ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. आरोपीचा वकील फिर्याद हातात घेतो. ‘प्रतिकार केला म्हणता, मग जखम कुठे आहे? आज सांगता ते इथं का लिहिलेलं नाही?’ उलटतपासणीत विसंगती निघते आणि आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. २०२२ साली निकाल लागलेल्या बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास होतं. मग गावात आणि ठाण्यातही लोक म्हणतात, ‘बघा, सुटला. तक्रार खोटीच होती.’ पुढची बाई त्या ठाण्याची पायरी चढते तेव्हा अंमलदार तिच्याकडे याच नजरेने बघतो. गैरसमजातून वाईट तपास, वाईट तपासातून सुटका, आणि त्या सुटकेतून गैरसमजाला बळ. हे चक्र असंच फिरत राहतं. म्हणून एक फरक पक्का लक्षात ठेवा. आरोपी सुटला याचा अर्थ गुन्हा सिद्ध झाला नाही, एवढाच. तक्रार खोटी होती, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग पोलिसांनी प्रश्नच विचारू नयेत का? जरूर विचारावेत. आरोपीलाही बचावाचा हक्क आहे आणि तपास कसून व्हायलाच हवा. पण ‘ओरडली का नाहीस?’ ऐवजी ‘त्या क्षणी तुम्हाला काय वाटत होतं, काय करता येत होतं?’ असं विचारलं, तर उत्तरात धमकी, भीती, बंद दार हे सगळं येतं, आणि तोच पुरावा असतो. ‘इतके दिवस गप्प का?’ ऐवजी ‘हे सगळ्यात आधी कोणाला सांगितलंत?’ असं विचारलं, तर एक साक्षीदार मिळतो. म्हणजे नीट विचारणं ही मेहेरबानी नव्हे, तो चांगला तपास आहे.

आज कायदा काय सांगतो

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांतल्या या गोष्टी तोंडपाठ ठेवा.

बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहायची असते. गुन्हा आमच्या हद्दीतला नाही, असं सांगून परत पाठवता येत नाही. कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. फिर्याद वाचून दाखवणं आणि तिची प्रत मोफत देणं बंधनकारक आहे. जी गोष्ट तुम्ही बोललाच नाहीत ती लिहिली असेल, तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय सही करू नका. फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कारावास होऊ शकतो. ठाण्याने नकार दिला, तर तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

दवाखाना सरकारी असो की खासगी, उपचार ताबडतोब आणि मोफत द्यावेच लागतात. आधी एफआयआर आणा, असं म्हणता येत नाही. तपासणी मात्र तिच्या संमतीनेच. पुढे जबाबासाठी तिला ठाण्यात खेटे घालायला लावता येत नाही, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो. शिवाय दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा स्वतंत्र जबाब होतो.

कायदा कागदावर इतका पुढे आलाय. ठाण्यातल्या टेबलापर्यंत तो पोचवायचा असेल, तर तिच्यासोबत कोणीतरी जायला हवं, शेजारीण, शिक्षिका, आशाताई, तुमच्या-आमच्यापैकी कोणीही. तिथे भांडायची गरज नसते. शेजारी बसायचं, वेळ लिहून ठेवायची, फिर्याद वाचून घ्यायची आणि प्रत हातात आल्याशिवाय उठायचं नाही. आणि त्याच्याही आधीचं एक काम आपल्या घरातलं आहे. उद्या आपली मुलगी, बहीण, मैत्रीण असं काही सांगायला आली, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघणार? ‘तू तिथं गेलीस कशाला?’ हे, की ‘बरं केलंस सांगितलंस’ हे? ठाण्यात जायचं की नाही, हे ती बहुतेक वेळा त्या एका वाक्यावर ठरवते.