एक कप चहा अन् आपलं डोकं

बचत गटाचा हिशेब लिहायला बसलो की आपण आधी चहा मांडतो. एका कपानं डोकं ताजं होतं, ते चहातल्या कॅफिनमुळं. आपल्या चिखलदऱ्याच्या कॉफीत ते चहाहून जास्त असतं.

जागेपणी मेंदूत झोप आणणारा एक पदार्थ साचत जातो. कॅफिन त्याची वाट अडवतं. अर्ध्या तासात तरतरी येते, कामात मन लागतं. त्याला थोडंच पुरतं. चहावर चहा झाला की छाती धडधडते, चिडचिड वाढते, झोप उडते.

चहानं थकवा अन् भूक झाकली जाते, मिटत नाही. म्हणून आधी भाकर खाऊ, तासाभरानं चहा घेऊ. म्हणजे अन्नातलं लोहही अंगी लागेल. दिवेलागणीनंतर चहा नकोच. गरोदर बाईनं दिवसाला दोन लहान कपांवर थांबावं.